‘डोक्यावर चढलेला’ कुत्रा आणि घरातलं मूल

कुत्रा लेकरावर गुरगुरला की घरोघरी एकच निदान होतं: ‘फार शेफारलाय, डोक्यावर चढलाय.’ उपायही ठरलेले असतात. आधी मुलाला जेवू द्या मग कुत्र्याला, मुलाला त्याच्या भांड्यात हात घालायला लावा, गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरा. या सल्ल्यांतले शेवटचे दोन थेट चाव्याकडे नेतात, म्हणून हे सविस्तर लिहायचं आहे.

ही ‘अल्फा’ची, म्हणजे कळपात सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना आली लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं वर्णन केलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पसरली. पुढे याच डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. नेतेपदासाठी रोज मारामारी करणारी टोळी तिथे नव्हतीच. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात वर्चस्व हा शब्द वापरतात, पण तो दोन प्राण्यांमधल्या नात्यासाठी. अमुक कुत्रा ‘वर्चस्ववादी स्वभावाचा’ असं त्यातून निघत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2009 च्या पाहणीत मालकांनी सांगितलं ते जास्त बोलकं आहे: मारलं किंवा लाथ घातली तेव्हा 43 टक्के कुत्रे उलट आक्रमक झाले, उताणं पाडून दाबल्यावर 31 टक्के. मोठ्या माणसाचा हात तेव्हा निदान तयार असतो. नंतर तोच कुत्रा दोन फूट उंचीच्या मुलासमोर उभा असतो.

मुलावर गुरगुरण्यामागे बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: वस्तू हातची जाण्याची धास्ती, मुलाचीच भीती, किंवा दुखणं. दुखण्याकडे फार दुर्लक्ष होतं. कान पिकलेला, दाढ दुखतेय, खुबा धरलाय, गोचीड-ताप आलाय, अशा कुत्र्याला रांगतं बाळ अंगावर आलं की तो ओरडणारच. आतापर्यंत शांत असलेला कुत्रा अचानक बदलला तर शिकवणी सुरू करण्याआधी पशुवैद्याकडे न्या.

गुरगुर ही बरीच उशिराची पायरी. त्याआधी तो तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, नाकावरून जीभ फिरवतो, डोळ्यांच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते, उठून निघून जातो. भांड्यापाशी असेल तर मान खाली घालून भराभर गिळायला लागतो किंवा खाणं थांबवून जागच्या जागी थिजतो. हे थिजणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचं पाऊल क्षणात पडतं. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, धास्ती तशीच राहते. ‘न सांगता चावला’ अशी तक्रार मग याच घरातून येते. गुरगुर ऐकली की आवाज न चढवता मुलाला उचलून बाजूला घ्या आणि कारण शोधा.

आता घराची मांडणी. आपल्याकडे पुष्कळ घरांत जमिनीवर बसून जेवतात, म्हणजे मुलाचं ताट नेमकं कुत्र्याच्या तोंडासमोर. जेवणाच्या वेळी कुत्रा जाळीच्या फाटकामागे किंवा दुसऱ्या खोलीत, आणि त्याचं जेवण मुलाच्या वाटेपासून दूर. फाटक त्याच्या खांद्यापेक्षा बरंच उंच हवं. बाल्कनीत कोंडू नका, दुपारच्या उन्हात ती तापते. त्याची झोपायची जागा अशी निवडा की मूल तिथवर पोहोचूच शकणार नाही. बाळ साधारण 8-9 महिन्यांचं होऊन रांगू लागण्याआधी हे सगळं झालेलं असावं. लक्ष ठेवणं म्हणजे हातातला मोबाइल बाजूला ठेवून, हात पोहोचेल इतक्या जवळ बसणं. ते जमत नसेल तेव्हा फाटक बंद.

भांड्याची धास्ती कमी करायचं काम मोठ्यांनीच करायचं. कुत्रा नेहमीचं कोरडं खाणं खात असताना जिथून तो निवांत खात राहतो तिथे, समजा 2-3 मीटरवर, उभे राहा. बिनमिठाची उकडलेली कोंबडी नखाएवढे तुकडे करून घ्या. एक तुकडा भांड्याकडे टाका आणि लगेच मागे फिरा. एका जेवणात 8-10 वेळा, एवढंच. तुम्हाला पाहून तो मान वर करतो, शेपूट सैल हलते, असं सलग 2-3 दिवस दिसलं तरच एक पाऊल पुढे. अंग ताठ झालं तर दोन पावलं मागे. इथे घाई होते आणि काम बिघडतं: आठवडाभरात लोक भांड्यात हात घालून ‘परीक्षा’ घेतात. अर्धं खाणं झाल्यावर भांडं उचलून घेणं तर त्याची शंका खरीच ठरवणं. आणि सगळं उत्तम जमलं तरी मुलाने भांड्याजवळ जायचं नाही.

‘सोड’ हा शब्दही असाच अदलाबदलीने शिकवायचा. सुरुवात त्याला फारसं प्रेम नसलेल्या खेळण्यापासून: ‘सोड’ म्हणा, नाकाशी कोंबडीचा तुकडा धरा, खेळणं सुटलं की तुकडा द्या आणि खेळणंही परत द्या. परत मिळतं हे कळल्यावरच तो मनापासून सोडतो. दिवाळीत याचं मोल कळतं. मुलाच्या हातून बेदाणा लावलेला लाडू पडतो, कुत्रा उचलतो, आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असल्यामुळे घरचे घाबरून त्याच्या जबड्यात हात घालतात. गिळलाच तर वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा.

सोफ्यावरून उतरवताना पट्ट्याला हिसका देऊ नका. ‘खाली’ म्हणून तुकडा जमिनीवर टाका, आणि त्याची चटई शेजारीच ठेवा.

मुलाला शिकवायचं थोडंच आहे, पण रोज. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. गळ्यात मिठी नाही, कारण ते कुत्र्याला अडकवणं वाटतं आणि मुलाचा चेहरा दातांसमोर येतो. कुत्रा स्वतः आला तर छातीच्या बाजूला तीन सेकंद कुरवाळायचं, मग हात काढून घ्यायचा. तो पुन्हा जवळ सरकला तर हवंय, दूर पाहिलं तर पुरे. अंगावर धावून आलाच तर पळायचं नाही. झाडासारखं उभं राहून हात अंगाशी, नजर पायाकडे.

दात लागलेच, घरच्या कुत्र्याचे असले तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पूर्वी लस न घेतलेल्याला रेबीजची लस कातडीत दिली तर 0 (म्हणजे पहिल्या डोसाच्या), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. त्या दिवसापासून प्राणिवर्तनाचं शिक्षण असलेल्या पशुवैद्याला दाखवेपर्यंत कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये फाटक हवंच.