डब्यातलं प्रोटीन

जुलैत आमच्याकडे ताप आला की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. भातलावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, पायाला भेगा आणि उंदराचं मूत मिसळलेलं पाणी. त्यामुळे मालवणकडच्या किनाऱ्यावरचे सत्तरीचे एक आजोबा १०४ ताप, असंबद्ध बडबड आणि ताठलेलं अंग अशा अवस्थेत पहाटे आले, तेव्हा रात्रपाळीच्या डॉक्टरने केसपेपरवर लेप्टो लिहून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं. त्याला दोष देणार नाही. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके ६,४०० आलं होतं, मूत्रपिंडांचा हाल सांगणारं क्रिएटिनिन १.९, दोन्ही वाढलेली. लेप्टोत स्नायू आणि मूत्रपिंडं दोन्ही मार खातात, म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं.

अंगावर जुळत नव्हतं. लेप्टोच्या माणसाची पोटरी दाबली की तो कळवळतो. यांची दाबली, तर हूं की चूं नाही. डोळे लाल नाहीत, कावीळ नाही, प्लेटलेट दोन लाखांच्या वर. मग मी कोपर वाकवायला घेतलं आणि ते वाकेचना. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध, शिशाची नळी वाकवावी तसा. हे फक्त हाताला कळतं. हल्ली पोरं रिपोर्ट येईपर्यंत रुग्णाला हातच लावत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय या आजोबांना मी सहा वर्षं ओळखत होते. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा दोर उजव्या हातात ठरेना म्हणून पहिल्यांदा आले होते. पार्किन्सन्स.

"शेवटची गोळी कधी दिलीस?" मी मुलाला विचारलं. तो खाली बघत राहिला. आमच्या सिस्टरनी त्याला बाजूला नेऊन बाकावर बसवलं, चहा दिला. तेव्हा बोलला, "गोळ्यो पाच दिवसांमागे बंद केल्यो. उपयोगच होत नाय होतो." आणि पिशवीतून एक डबा काढला.

पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि लेव्होडोपा ती उणीव भरून काढतं. वर्षानुवर्षं मिळणारं हे औषध एकदम तोडलं, तर अंग ताठतं, ताठ स्नायूंमुळे ताप चढतो, शुद्ध हरपते, स्नायू विरघळून मूत्रपिंडं बंद पडतात. माणूस जातो यात. त्यात गावात कुणीतरी उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन टोचलं होतं. ते डोपामिनचीच वाट अडवतं. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते द्यायचं नसतं, हे पदवीच्या पुस्तकात आहे.

नाकातून नळी घातली, गोळ्या कुटून पाण्यातून जुन्याच मात्रेत सुरू केल्या. सलाइन, ओल्या चादरी, ताशी लघवीची नोंद. लघवी कोऱ्या चहासारखी. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवावं का, यावर फोन झाला. पावसात, त्या रस्त्यावर, असा रुग्ण? इथेच ठेवला. सिस्टरनी दुधाचा फीड गोळीपासून तासभर लांब ठेवला, मी सांगायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपर वाकलं.

डब्याकडे मग नीट पाहिलं. चार हजारांचा. 'तणावापासून मज्जापेशींचं रक्षण', खाली बीडीएनएफ, जीडीएनएफ अशी मज्जापेशी जगवणाऱ्या प्रथिनांची लघुनावं, आणि घटक वाचले तर आत दुधाचं साधं प्रोटीन. मुलगा सकाळची गोळी आणि दुधात कालवलेली ही पावडर एकाच वेळी देत होता. प्रोटीन पचलं की त्यातली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दारात लेव्होडोपाशी जागेसाठी झगडतात. गोळी लागू पडेना ती म्हणून. आणि लागू पडत नाही म्हणून ती बंद. विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, आणि त्याचा मला संताप येतो.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. मे महिन्यात याच मुलाने विचारलं होतं, "मॅडम, पेशी वाचवणारा काय असता काय?" बाहेर साठ माणसं बसली होती. "तसलं काही नसतं," म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं, 'औषध तेच'.

तसलं असतं. जीडीएनएफ १९९३ साली सापडलं. प्रयोगशाळेत ते नेमक्या याच पेशी जगवतं. हेलसिंकीच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलेलं सीडीएनएफ तर पेशीच्या आत नीट घडी न पडलेल्या प्रथिनांचा साठा होऊन जो ताण येतो, त्यातून पेशीला सावरतं. अडचण अशी की गिळलं तर ते मटणासारखं पचून जातं, आणि शिरेतून दिलं तरी रक्तातून मेंदूत शिरत नाही. ब्रिस्टलला चाळीसेक रुग्णांच्या कवटीतून बारीक नळ्या घालून, कानामागच्या झडपेतून महिन्याला एकदा जीडीएनएफ थेट मेंदूत सोडलं. निकाल २०१९ मध्ये आला: स्कॅनमध्ये सुधारणा, पण हालचालींत नऊ महिन्यांनी नुसत्या पाण्यासारख्या द्रवापेक्षा ठाम फरक नाही.

हे सांगायला चार मिनिटं लागतात. या वेळी वॉर्डात मुलाला केसपेपरच्या मागे चित्र काढून सांगितलं, तेव्हा घड्याळ बघितलं होतं. मे महिन्यात मी नाही म्हटलं, त्याने घरी जाऊन शोधलं, तर ती नावं खरी निघाली. म्हणजे मॅडमना माहीत नाही, असं त्याने धरलं. का धरू नये?

परवा तो वही घेऊन आला. गोळी सहाला, पेज सातला, मासे रात्री, सगळं वेळेसकट. आजोबा स्वतः चालत आले, हळू, पण स्वतः.

"मॅडम, तां खरां प्रोटीन डोक्यात सोडतत, तां गोव्याक मेळता?"

"नाही. चाचण्या चालतात. उपचार म्हणून अजून कुठेच नाही."

त्याने तेही वहीत लिहून घेतलं.