फ्रँकफर्टचा मुक्काम

मशीन चाकणहून निघून जहाजाने कधीच विस्कॉन्सिनला पोचलं होतं. ते बसवून, चालू करून द्यायला मागोमाग मी. 17 जानेवारी 2024 च्या पहाटे मुंबईहून उड्डाण, फ्रँकफर्टला विमान बदलून शिकागो, पुढे गाडीने कारखाना. तिकडच्या सुपरवायझरने मशीनच्या फाउंडेशनचे फोटो पाठवून 'कधी येतोस?' असं दोनदा विचारूनही झालं होतं.

फ्रँकफर्टला बर्फ पडत होता. त्याची धास्ती नव्हती. पंखांवर गरम ग्लायकॉलचा फवारा मारून बर्फ उतरवतात, मग वरून दाट द्रवाचा थर देतात, म्हणजे पुन्हा बर्फ धरत नाही. हा थर टिकतो तो ठरावीक वेळच. तेवढ्यात विमान उडालं तर ठीक, नाहीतर परत फवाऱ्याच्या रांगेत.

आम्ही विमानात बसलो, दारं लागली आणि पाऊस आला. वरच्या हवेत ऊब आणि जमिनीलगत शून्याखाली तापमान असलं की थेंब पाणी म्हणूनच खाली येतो, पण पत्र्याला टेकला की तिथल्या तिथे गोठतो. खिडकीतून पंख काच चढवल्यासारखा दिसायला लागला. बऱ्याच वेळाने कॅप्टनने सांगितलं, या पावसात फवारणीच करता येत नाहीये. अशा पावसाचा जोर वाढला की संरक्षक थर किती वेळ टिकेल याचा आकडाच वैमानिकांच्या तक्त्यात नसतो, हे मला नंतर कळलं. शेजारचे गृहस्थ सगळ्यांवर चिडले होते. मला तो निर्णय पटला होता. ज्या लोडसाठी आकडा नाही त्या लोडवर आम्हीही मशीन चालवत नाही. अर्थात, पटलं म्हणून कंबर दुखायची थांबते असं नाही.

दुपारी वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपले आणि उड्डाण रद्द झालं. त्या दिवशी तिथली शेकडो उड्डाणं रद्द झाली, त्यामुळे काउंटरची रांग कुठे संपते ते दिसतच नव्हतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, जेवण आणि हॉटेल मात्र द्यावंच लागतं. हॉटेलचं कुपन मलाही मिळालं. पण पासपोर्ट भारतीय, शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसारख्या युरोपीय देशांत शिरायची परवानगी, नाही. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे ट्रान्झिटमध्ये, म्हणजे विमान बदलायच्या भागात, थांबता येत होतं, विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. शेजारचे गृहस्थ अमेरिकन, ते हॉटेलवर गेले. आम्हा उरलेल्यांसाठी घडीच्या खाटा मांडल्या गेल्या. कंपन्या तिकीट काढताना दोनशे डॉलर वाचवतात, पण थंडीतल्या प्रवासाला शेंगेन व्हिसा काढून ठेवावा, हे कुणाला सुचत नाही. परतल्यावर मी तसं लिहून दिलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं.

रात्री झोप अशी लागली नाही. पाय सुजले होते, म्हणून बूट सैल करून टर्मिनलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. टूलकिटची बॅग कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. बारीक मापं घ्यायचा डायल गेज तेवढा हातातल्या बॅगेत होता. आईने दिलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या काढल्या तर पलीकडच्या खाटेवरचे तेलुगू आजोबा उठून बसले. त्यांनी गोंगुऱ्याचं लोणचं काढलं. मुलीकडे डॅलसला चालले होते, आणि औषधांची पिशवी चेक-इनमध्ये गेली होती. ती काळजी माझ्या टूलकिटपेक्षा मोठी होती. सकाळी त्यांना घेऊन विमानतळावरच्या दवाखान्यात गेलो. तिथून गोळ्या मिळाल्या. ते होईपर्यंत रांगेतला माझा नंबर गेला, मग संध्याकाळचं विमान मिळालं.

शिकागोतही त्या आठवड्यात हाडं गोठवणारी थंडी होती. रात्री उशिरा हॉटेल, पहाटे कारखाना. अंगातले कपडे मुंबईचेच, वर सुपरवायझरने दिलेलं त्याचं जाड जॅकेट. पॅनल तपासलं, मशीनला तेलाचा दाब देणारा हायड्रॉलिक पंप सुरू केला. नुसता घरघर आवाज, प्रेशर चढेना. मशीन आठवडाभर हीटिंग नसलेल्या शेडमध्ये पडून होतं. टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर तेल काकवीसारखं घट्ट. पंप ताबडतोब बंद केला. असा पंप रेटला तर आतून खाऊन जातो.

टाकीला हीटर लावून तेल सावकाश गरम करायचं, म्हणजे काम दुसऱ्या दिवसावर. हे सुपरवायझरला कसं सांगावं, या विचारात होतो. तो थर्मामीटरकडे बघून म्हणाला, "मग तू आता हॉटेलवर जाऊन झोप."