तीन डबे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"मास्तर, एक डबामा भागत नही का? तीन तीन कसाले?"

वैश्विक किरण टिपणाऱ्या आमच्या तीन डब्यांबद्दलचा हा प्रश्न पहिल्यांदा विचारला शेजारच्या आप्पांनी. त्यानंतर किती जणांनी विचारला याची गणती नाही. पालक विचारतात, शाळा बघायला आलेले साहेब विचारतात. पुण्याला शिकायला गेलेला जुना विद्यार्थी फोनवर विचारतो, "सर, कण टिपणारा विकतचा एकच चांगला डिटेक्टर का नाही घेत?" आता तुम्हीही विचारलंत. दोन वाक्यांत सांगायला गेलो की समोरच्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, जुन्या धाब्याच्या घरात, मी आणि शाळेतली सात-आठ मुलं वैश्विक किरण मोजतो. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे कण, त्यांत बहुतेक प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून नव्या कणांचा वर्षाव खाली येतो. जमिनीपर्यंत पोचतात ते मुख्यतः म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण त्याहून बरेच जड कण. जमिनीवरच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक. तळहात आभाळाकडे करून धरलात तर सेकंदाला एखादा म्युऑन त्यातून आरपार जातो. धाब्याचा हात-दीड हात जाडीचा मातीचा थर त्याला अडवत नाही, म्हणून डबे गच्चीवर न ठेवता घरात ठेवता येतात.

पहिल्या डब्यात गायगर नळ्या आहेत. सोव्हिएत काळातली बोटाएवढी नळी, तिला 400 व्होल्ट द्यायचे. कण आत शिरला की वायूत विजेची लाट उसळते आणि एक ठोका मिळतो. पण नळीला कोण आलं ते कळत नाही. भिंतीच्या मातीतला, दगडातला नैसर्गिक किरणोत्सारही तिला तसाच वाजवतो. एकटी नळी आमच्याकडे मिनिटाला वीसेक ठोके देते आणि त्यांतले म्युऑनचे किती हे तिच्याकडून कळायला मार्ग नाही. म्हणून एकीखाली एक अशा दोन नळ्या ठेवायच्या आणि दोन्ही एकदम वाजल्या तरच मोजायचं. मातीतून आलेला किरण बहुधा एकीतच संपतो, म्युऑन दोन्हींतून पार जातो. ही युक्ती वाल्टर बोटे यांची. तिच्यासाठी त्यांना 1954 चं नोबेल मिळालं.

आता 'एकदम' म्हणजे किती एकदम? हा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. मिनिटाला वीस-वीस ठोके देणाऱ्या दोन नळ्या, आणि एक मिलिसेकंदाच्या आत आलेले ठोके जोडीचे धरले, तर निव्वळ योगायोगाने सव्वा तासाला एक खोटी जोडी जमते. तीच मुदत दशांशावर आणली की साडेबारा तासांना एक. मुलांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण आकडे त्यांच्याच नळ्यांचे होते.

आमच्याकडे बंद पडलेली एक कोरडी विहीर आहे, साठेक फूट खोल. नळ्यांची पेटी, पॉवर बँक आणि नोंद ठेवणारं कार्ड असं सगळं एका डब्यात बंद करून रात्रभर दोराने तळाशी सोडलं. आत कुणी उतरलं नाही, कोरड्या विहिरीतल्या हवेचा भरवसा नसतो. सकाळी डबा वर काढला. जोडीचे ठोके पार रोडावले होते, पण एकट्या नळीचा आकडा म्हणावा तसा उतरलाच नव्हता. भोवतीच्या जमिनीने म्युऑन अडवले होते आणि तीच जमीन नळीला चहूकडून वाजवत होती. नुसता एक आकडा बघितला असता तर आम्ही लिहून मोकळे झालो असतो की विहिरीत फारसा फरक पडत नाही.

मग जोडी पुरेशी नाही का? नाही. हे मला श्रावणात कळलं. झड लागली आणि जोडीचे ठोके अचानक वाढले, दिवसाला शेकड्यांनी. दोन दिवस आम्ही उत्साहात होतो. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा बोर्डावर ओल धरलेली दिसली. चारशे व्होल्ट ओलीतून झिरपत होते, आणि दोन्ही नळ्यांना वीज एकाच ठिकाणाहून असल्यामुळे ठिणगी उडाली की दोन्ही एकदम वाजायच्या. गावात भांडण मिटवायला बसलं की एकाच घरातले दोन साक्षीदार आणून चालत नाही. आमचे साक्षीदार तसेच होते. ज्या चुकीपासून जोडीने वाचवायचं, तीच चूक जोडीच्या पोटात होती.

दुसरा डबा सिंटिलेटरचा. पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड तुकडा, त्यातून म्युऑन गेला की निळसर प्रकाशाची अगदी क्षीण लकाकी उठते. ती टिपायला नखाएवढी सिलिकॉनची चकती चिकटवलेली असते. तुकड्याला आधी अॅल्युमिनियमची फॉईल, वरून काळी चिकटपट्टी. गुंडाळायला दोन मुलांना दोन संध्याकाळी लागल्या. हा डबा गायगरपेक्षा फार चपळ. ओलीचं त्याला फारसं काही वाटत नाही, चारशे व्होल्ट लागत नाहीत, तीसेक पुरतात.

पण वैशाखात त्याचं खरं रूप दिसलं. दुपारी पारा 44 वर, आणि सिंटिलेटरचे ठोके रोज दुपारी चढायचे, रात्री उतरायचे. त्यातच भर म्हणजे साडेअकराच्या सुमारास वीसेक मिनिटं आकडा एकदम उंच जायचा आणि तसाच एकदम खाली यायचा. एका मुलाने वहीत लिहिलं, "सूर्याकडून येणारे कण." चूक म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. पुरावा गायगरच्या जोडीकडे होता. ती शेजारीच होती, उन्हाळ्यामुळे ठणठणीत कोरडी, आणि तिचा आलेख सपाट. म्युऑन खरोखर वाढले असते तर तिलाही दिसले असते.

मग शोध सुरू झाला. साडेअकराची उडी म्हणजे छतातल्या झरोक्यातून येणारा कवडसा. तो सरकत सरकत डब्यावर यायचा, आणि चिकटपट्टीच्या एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी फट राहिली होती. जिनं पट्टी लावली होती त्या मुलीनेच ती शोधली, डबा उन्हात धरून हळूहळू फिरवत. दुपारचा संथ चढ उष्णतेचा होता. त्या सिलिकॉनच्या चकतीला अंधारातही खोटे ठोके येतात, आणि तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट होतात. पहाटेच्या 28 पासून दुपारच्या 44 पर्यंत किती होतील ते बघा. फट बुजवली आणि डबा घरातल्या रिकाम्या बळदात हलवला. आजोबांच्या काळी तिथे ज्वारी असायची. जाड भिंतींमुळे आत दिवसा-रात्रीच्या तापमानात फार थोडा फरक पडतो. आलेख शांत झाला.

म्हणजे सिंटिलेटर वैशाखात फसवतो आणि गायगर श्रावणात. दोघांचे दोष वेगळ्या ऋतूतले आहेत, म्हणून दोघं मिळून वर्षभर चालतात. सगळ्यात महागडे दोन सिंटिलेटर घेतले असते तर दोघंही वैशाखात एकाच सुरात खोटं बोलले असते.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 2017 साली इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये निदान 30 मीटर लांबीची, आजवर ठाऊक नसलेली पोकळी म्युऑन मोजून सापडली. जपानच्या नागोया विद्यापीठाने आत फोटोच्या इमल्शनच्या पट्ट्या लावल्या, जपानच्याच केईके (KEK) या कणभौतिकी संस्थेने सिंटिलेटर ठेवले, आणि फ्रेंच गटाने बाहेरून वायूचे डिटेक्टर रोखले. तीन तऱ्हेच्या यंत्रांनी एकाच जागी बोट ठेवलं तेव्हा जगाने विश्वास ठेवला.

कधीकधी दोन यंत्रं एकमेकांना नुसती तपासत नाहीत, वेगवेगळं काही सांगतात. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-3 हा प्रयोग आहे. उघड्यावर मांडलेले सिंटिलेटर वर्षावातले सगळे विद्युतभारित कण मोजतात आणि काँक्रीटच्या जाड थराखालची 560 चौरस मीटरची दुर्बीण फक्त म्युऑन मोजते. दोन आकड्यांचं प्रमाण पाहिलं की वरून आलेला मूळ कण प्रोटॉनसारखा हलका होता की लोखंडाच्या अणुकेंद्रासारखा जड, याचा अंदाज बांधता येतो. त्याच दुर्बिणीने 1 डिसेंबर 2014 च्या वादळात म्युऑन कमी झालेले पाहिले आणि त्या ढगात 1.3 अब्ज व्होल्टचा दाब असल्याचं त्यातून काढलं. आपल्याच देशात हे झालंय, आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा डबा ढगाचा. हा काहीच मोजत नाही, दाखवतो. काचेची पेटी, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला नमदा, तळाला काळा पत्रा, पत्र्याखाली उणे 78 अंशांचा ड्राय आईस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. वरून उतरणारी वाफ तळाशी इतकी गार होते की तिला थेंब व्हायला नुसतं निमित्त हवं असतं. कण जातो आणि त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. ड्राय आईस आम्ही नाशिकहून ओळखीच्या टेम्पोत, मागच्या उघड्या हौद्यात आणवतो. इथे पोचेपर्यंत बराचसा उडून गेलेला असतो, म्हणून हे काम थंडीतच.

मोजत नाही त्या डब्यासाठी एवढा खटाटोप का, असंही विचारतात. 1932 साली केंब्रिजमध्ये ब्लॅकेट आणि ओक्यालिनी या भौतिकशास्त्रज्ञांनी ढगाच्या पेटीच्या वर आणि खाली गायगर नळ्या लावल्या. त्याआधी फोटो अंदाजाने काढावे लागत आणि बहुतेक कोरे निघत. आता दोन्ही नळ्या वाजल्या की पेटी आपोआप चालायची आणि कण स्वतःच स्वतःचा फोटो काढून द्यायचा. होमी भाभा तेव्हा केंब्रिजलाच होते. कणांचे वर्षाव कसे फुटत जातात याचं गणित त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर हाइटलर यांच्याबरोबर 1937 साली मांडलं.

गेल्या पौषात आम्ही ब्लॅकेट-ओक्यालिनींसारखंच पेटीला नळ्या जोडून पाहिलं. नळ्या तिरप्या लावल्या, एक जोडी वर डावीकडे, एक खाली उजवीकडे, म्हणजे पेटीतली रेघ लांब दिसेल. दोन्हीकडून ठोका आला की लाल दिवा लागायचा. दार-खिडक्या बंद, बाजूने एक टॉर्च. मधेच जाड, आखूड रेघा यायच्या. त्या हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या, आणि दिवा त्यांना दाद देत नव्हता. वेडीवाकडी वळणं घेत इलेक्ट्रॉन जायचे, तरीही दिवा बंदच. पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग दिवा लागला आणि त्याच क्षणी पेटीत डावीकडून उजवीकडे कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक, सरळ रेघ उमटली. "सर, हाच तो!" असं तिघं एकदम ओरडले. रेघ दोन-तीन सेकंद तरंगली, वाकडी झाली आणि विरली.

आप्पा दारातून कधी आत आले कुणाला कळलं नाही. ते मुलांच्या मागे उकिडवे बसले होते. दिवा विझल्यावरही पेटीवरून नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "अजून येई का?"

"येईल आप्पा," मी म्हटलं, आणि टॉर्च जरा खाली केला.