पाकिटातला कोंब

मेअखेरीस वळीव पडून गेला की सातारा जिल्ह्यातल्या एका उतारावर क्रायनम ब्रॅकिनेमा फुलतं. जागा मुद्दाम सांगत नाही. कंद उकरून नेणारे असतात. नर्गिस-डॅफोडिलच्या कुळातली, बागेतल्या नागदवण्याची ही रानातली बहीण फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या उत्तर भागात उगवते. फुलं पांढरी, सुवासिक. ब्रॅकिनेमा म्हणजे आखूड तंतू, परागकोश धरणारे देठच आखूड. परागकोश फुलाच्या घशालाच चिकटल्यासारखे दिसतात.

त्या वर्षी फुललेल्या दांड्यांना आम्ही दोरे बांधून ठेवले होते. जुलैत बी गोळा करायला गेलो, तर बहुतेक दांडे मधूनच मोडलेले. सोबतचे मामा म्हणाले, "ताई, शनवार-रविवारी गाड्या थांबत्यात. फुलं तोडत्यात, फोटू काढत्यात आन् तितंच टाकून जात्यात."

माझा दोरा चिखलात पडला होता. तो उचलताना गळा दाटून आला.

धुक्यात तासभर शोधून मोजून सात बिया मिळाल्या. बोराएवढ्या, हिरवट, हाताला बटाट्यासारख्या गार. सवयीने त्या कागदी पाकिटात घातल्या, तारीख लिहिली, आणि खाली आल्यावर तापाने पडले. नवव्या दिवशी पाकीट उघडलं. ना माती, ना पाणी, तरी पाच बियांना कोंब! एकाने पाकिटाचा कोपरा फाडून बाहेर डोकं काढलं होतं.

क्रायनमच्या बीला विसावा नसतो, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते हातात होतं. हे बी वाळवलं की मरतं. इतर बऱ्याच बिया वाळवून, गोठवून बीजपेढीत वर्षानुवर्षं ठेवता येतात, तशी सोय हिच्यासाठी नाही. उतार गेला तर कपाटातून काढून पुन्हा लावायला काही उरणार नाही. म्हणून मला कुंपणापेक्षाही त्या शनिवार-रविवारी तिथे उभा राहणारा एक माणूस जास्त मोलाचा वाटतो.

दोन रोपं बागेत ठेवली. बाकीच्या बिया वनखात्याच्या परवानगीने परत उतारावर नेल्या. हिचा कोंब आधी खाली जातो, जमिनीत त्याच्या टोकाशी इवलासा कंद धरतो, मग पान वर येतं. म्हणून माती बोटांनी भुसभुशीत केली. मामांनी भोवती दगड रचले.

फूल यायला अजून काही वर्षं लागतील. पण पुढच्या जूनमध्ये मामांचा फोन आला, "ताई, तीन ठिकाणी पात वर आलीय. शनवारी मी तितंच बसतो."