गोकाकच्या धबधब्याला १४ मिमी लेन्स नेऊ नका

धबधबा मोठा, तेव्हा लेन्स जितकी वाईड, म्हणजे कमी मिमीची आणि जास्त रुंद दृश्य टिपणारी, तितकी बरी, असा सल्ला गोकाकला निघालेल्या प्रत्येकाला मिळतो. तो साफ चुकीचा आहे. बेळगावहून साठेक किलोमीटर जाऊन हाती लागतं ते ढगाळ आभाळ, ढीगभर खडक आणि मधे घटप्रभेची बारीकशी पट्टी.

हिशेब सोपा आहे. उडी सुमारे ५२ मीटरची. समोरून, २०० मीटरवरून, फुल फ्रेमवर (३६×२४ मिमीच्या सेन्सरवर) १४ मिमीने घेतली तर सेन्सरच्या २४ मिमी उंचीत ती जेमतेम साडेतीन मिमी भरते. ३५ मिमीने नऊ भरते आणि पुरातली पावणेदोनशे मीटरची रुंदीही आडव्या फ्रेममधे मावते. गोकाकला ३५ आणि ७० एवढं पुरे.

खरा धोका पुढे आहे. धबधबा लहान दिसतो म्हणून माणूस कड्याकडे सरकतो. खडकावर शेवाळ असतं आणि वाईड लेन्समधून कडा आहे त्यापेक्षा बराच लांब भासतो. स्क्रीनकडे बघत एक पाऊलसुद्धा टाकू नका. आधी डोळ्यांनी जागा ठरवा, कड्यापासून दोन मीटर मागे ट्रायपॉड रोवा, मगच कॅमेरा सुरू करा. तुषारांचा त्रास वेगळाच. १४ मिमीच्या फुगीर काचेवर थेंब बसतात आणि एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना, प्रत्येक थेंबाचा डाग उमटतो. एफ/८ वर थांबा, कोरडी मायक्रोफायबर फडकी पाच-सहा न्या, दर फोटोआधी पुसा. झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावण्यात अर्थ नाही, माणसं चालली की तो हलतो. शिवाय पूल उघडा असेलच असं धरून निघू नका.

वाईड लेन्स वसूल होते ती गोडचिनमलकीच्या धबधब्याला. मार्कंडेय नदीच्या खडकांत अगदी जवळ जाता येतं, मात्र पाणी वाढलेलं असेल तर पात्रात उतरूच नका. १६ मिमी, एफ/११, फोकस ८० सेंटिमीटरवर: ४० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं नेटकं येतं. पुढचा ओला खडक अर्ध्या मीटरवर हवा, नाहीतर चौकटीचा खालचा भाग रिकामा वाटतो. शटर पाव ते अर्धा सेकंद. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, जरूर लावा. निळ्या आभाळात तो वाईडवर काळा पट्टा पाडतो, पावसाळी आभाळात ती भीती नसते आणि दगडाची चकाकी मरते. म्हणून १४ च्या फुगीर काचेपेक्षा फिल्टर घेणारी १६-३५ कधीही बरी. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १०-२० तेच काम करते.

हलशी या देवळांच्या गावात काम निवांत होतं. भूवराह नरसिंहाचं देऊळ बाहेरून घेताना कॅमेरा सपाट ठेवा, वर झुकवला की शिखर मागे कलतं. जास्तीची जमीन नंतर कापा.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालचं जैन मंदिर, शेवटच्या सकाळी ठेवा. छतातल्या दगडी कमळाच्या बरोबर मध्याखाली, घडी घातलेल्या फडक्यावर, कॅमेरा उताणा ठेवा. १६ मिमी, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉड लागतच नाही. मध्य चार बोटं चुकला तरी पाकळ्या एका बाजूला ताणलेल्या दिसतात, तेव्हा ग्रिड लावून जुळवा. दारातून उजेड येतो, म्हणून दोन स्टॉपच्या, म्हणजे चौपट उजेडाच्या, फरकाने दोन फोटो घ्या.