रिपोर्ट अजून आला नाही, उद्या या

ग्रामीण रुग्णालयातल्या एका खिडकीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. कोणतं रुग्णालय ते लिहीत नाही.

पोळ्यानंतर मायला ताप भरला. थंडी वाजून, डोकं फुटेल असं. आशाताईंनी किटवर मलेरिया पाहिला, निघाला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पॅरासिटामॉल मिळाली. ताप दोन तास उतरायचा, पुन्हा 103. मग ग्रामीण रुग्णालयात नेलं. केसपेपर, डॉक्टर, रक्त, सगळं भराभर झालं.

आणि मग ती खिडकी. "सॅम्पल जिल्ह्याले गेलं, उद्या या." उद्या गेलो तर, "अजून आलं नाही बाप्पा." त्यानंतर रजिस्टर उघडलं, तर मायच्या नावाच्या तिघीजणी निघाल्या. केसपेपरचा नंबर सांगा म्हणे. तो शाईनं लिहिलेला, पावसात पसरलेला. सातचा एक झाला होता. खिडकीतला माणूस बोट ओलं करून पानं उलटत राहिला, मधेच फोन आला की पान हरवायचं, पुन्हा पहिल्यापासून. मागून लोक ढकलत होते. नंबर जुळला तेव्हा कळलं, रिपोर्ट आलाच नव्हता. तेच आधी सांगायला काय जात होतं? (केसपेपर मिळाल्याबरोबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, हे मला तिथे रांगेतल्या एका बाईनं सांगितलं.)

तिकडे बाकावर माय असंबद्ध बरळायला लागली. मी रांग सोडली आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. ते म्हणाले, "रिपोर्टसाठी कशाला थांबलात? वावरात जातात का या?" रोज जाते, धुऱ्यावरचं गवत कापते, मी म्हणालो. त्यांनी सिस्टरला पडद्याआड अंग तपासायला सांगितलं. लुगडं खोचतो तिथे कमरेवर काळी खपली होती, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मायनं कोणाला सांगितलीच नव्हती.

स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यानं होतो. 2018 मध्ये नागपूरकडे याचे बरेच रुग्ण सापडले होते. खपली सगळ्यांनाच दिसत नाही, पण काखेत, जांघेत, कमरेवर पाहायला सांगा. औषध साधंच, डॉक्सिसायक्लिन. संशय आला की डॉक्टर ते रिपोर्टआधीच सुरू करतात. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदू यांच्यावर जातं. मायला भरती केलं आणि दोन दिवसांच्या आत ताप उतरला. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते.

डेंग्यूचं उलटं आहे. ताप उतरतो तेव्हाच जपायचं. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, पेशंट सुस्त पडणं, यातलं काही दिसलं की 108 ला फोन लावायचा. डेंग्यूचा संशय असताना मेडिकलवाल्यानं आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दिली तर घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि हो, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप दिसला तरी त्याच दिवशी दवाखाना, घरी थांबायचं नाही.

रिपोर्ट आला, माय घरी येऊन भाकरी थापायला लागल्यावर. तो आणायला पुन्हा त्याच खिडकीवर जावं लागलं, आणि पुन्हा तिघींची नावं निघाली. या वेळी फोटो दाखवला.