रिबेरो साहेब

३ ऑक्टोबर, रात्री

१९८६ साली आजच्याच तारखेला जालंधरला ज्युलिओ रिबेरोंवर गोळीबार झाला. तेव्हा ते पंजाबचे पोलीस महासंचालक होते. जागा सशस्त्र पोलिसांच्या मुख्यालयाची, आणि मारेकरी, म्हणजे खलिस्तानी अतिरेकी, आले ते पोलिसांच्याच गणवेशात. साहेब वाचले, त्यांच्या पत्नीही जखमी झाल्या.

ती गणवेशाची गोष्ट मला अजून पचत नाही. मी पोलीस लाईनीत वाढले. नाईट ड्युटीनंतर बाबांचा खाकी शर्ट दांडीवर वाळत पडला की आई निर्धास्त झोपायची. त्याच खाकीतून गोळी सुटली तर माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर? आणि त्यावर भागलं नाही. राजदूत म्हणून रोमानियात गेले, तर ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टलाही अतिरेक्यांनी त्यांना गाठलंच.

लाईनीत त्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलत असं नाही. १९८२ चा मुंबई पोलिसांचा संप मोडला गेला तेव्हा आयुक्त तेच होते. ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या घरी हे नाव निघालं की बोलणं थांबायचं. पंजाबातल्या अतिरेक्यांविरुद्धच्या ‘गोळीला गोळी’ या धोरणाबद्दलही त्यांना जाब विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. तरी मला हा माणूस मोठा वाटतो, तो खुर्ची सुटल्यानंतरच्या वर्षांमुळे.

मुंबईत परतले तेव्हा ९२-९३ च्या दंगलींनी शहर पोळलेलं होतं. दार लावून घरात बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मोहल्ला कमिटीचं काम अंगावर घेतलं. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि वस्तीवस्तीतली माणसं बरोबर होती. काम दिसायला किती साधं! दोन्हीकडच्या लोकांना पोलिसांसोबत एकत्र बसवायचं, अफवा उठली की तिथल्या तिथे खोडायची, पोरांच्या क्रिकेटच्या मॅच लावायच्या. पण दंगल पाहिलेल्या माणसाला विचारा, पहिली अफवा वेळेत खोडली जाणं म्हणजे काय ते.

मार्च २०१५ मध्ये त्यांनी लिहिलं, ख्रिस्ती म्हणून स्वतःच्याच देशात परकं वाटायला लागलंय. त्यावर लोक जे बोलले ते वाचून माझं डोकं फिरलं होतं. देशासाठी दोनदा गोळ्या झेललेल्या पंचाऐंशी वर्षांच्या माणसाकडे देशप्रेमाचा दाखला मागायचा?

ते गप्प बसले नाहीत. २०२० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, दिल्लीतल्या दंगलींच्या तपासावरून तिथल्या पोलीस आयुक्तांना त्यांनी उघड पत्र लिहिलं: शांततेने आंदोलन करणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, मग चिथावणीची भाषणं करणारे नेते मोकळे कसे?

ते मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “हे नोकरीतल्या कुणीतरी विचारायला हवं होतं.”

मी म्हटलं, “कोण विचारणार, बाबा? दुसऱ्या दिवशी बदली.”

“होऊ दे की बदली,” बाबा म्हणाले.